पिवळ्या फरशीचं बाथरूम

ता. ४ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तू ऐकून घेत नाहीस, म्हणून लिहितोय. आत्या म्हणाली, तू बाथरूम फोडायला घेतलंयस. तिथेच घसरून पाय मोडून घेतलास, तेव्हाच ठरलं होतं ना, की घर विकायचं आणि तू आमच्याकडे यायचं? या महिन्यात एक गिऱ्हाईक घर बघायला येतंय. त्याला काय विटांचा ढीग दाखवायचा? काम थांबव.

लोभ असावा, राग नसावा.
तुझा दादू

ता. ११ फेब्रुवारी

चि. दादूस,
अनेक आशीर्वाद.

ठरवलंत ते तुम्ही नवराबायकोने. मी प्लास्टरमध्ये होते, मला कोण विचारतो? पाय घसरला, डोकं जागेवर आहे.

तुझ्या बाबांनी निवडलेली ती गुळगुळीत करडी फरशी मी जन्मभर घासली. आता खरखरीत घातली आहे, पिवळीधमक. मिस्त्री म्हणाला, वयस्कर माणसांना पांढरी शोभते. त्याला सांगितलं, पांढरं मी दवाखान्यात पुष्कळ बघून आले. भिंतीला धरायला दांडे आहेत, बसायला ओटा आहे. दांड्यांना मिस्त्रीला लोंबकळायला लावलं, मगच पसंत केले. तुझी आत्या नाक मुरडत आली आणि आंघोळ करूनच गेली.

गिऱ्हाइकाला खुशाल पाठव.

लोभ वाढव, हट्ट कमी कर.
आई

ता. २३ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

गिऱ्हाईक येऊन गेलं. तू त्यांना नळसुद्धा सोडून दाखवलेस म्हणे. त्याच्या बायकोला बाथरूम इतकं आवडलं की तो भाव वाढवून द्यायला तयार आहे. घर तुझ्या नावावर आहे, तेव्हा सहीला कधी येतेस ते कळव.

मला झोप लागत नाही गं. त्या दिवशी तू दुपारपर्यंत ओल्या फरशीवर पडून होतीस आणि मला पत्ताच नव्हता.

तुझा दादू

ता. १ मार्च

चि. दादूस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राचा शेवट पुन्हा पुन्हा वाचला. हे आधी लिहिलं असतंस तर मी एवढी भांडले नसते. ऐकलं मात्र तरीही नसतं.

भीती मलाही वाटते. म्हणून तर भिंती फोडल्या. घर सोडून पळाले नाही, पळणारही नाही.

त्या बाईंना मिस्त्रीचा नंबर दे, त्यांच्या घरात असंच करून देईल. सही होणार नाही. काळजी वाटते ना, मग रोज सकाळी फोन कर. उचलला नाही तर जरा थांब. मी आता सावकाश आंघोळ करते.

तुझी आई