एका पोस्टवरच्या दोघी

पर्वत पाटिया, सुरत
गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५

प्रिय अमृताताई,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही तुमच्या आईंना घेऊन नाशिकला सुखरूप पोचलात, हे मेसेजवरून कळलं. तिकडे थंडी सुरू झाली असेल. इथे अजून पंखा लागतो. घरी सगळे बरे आहेत. बाबांचे गुडघे तेवढे कुरकुरतात. सगळा जन्म लूमवर उभं राहून काढल्यावर दुसरं काय होणार? आई तुमची आठवण काढते, म्हणजे तुमच्या लोणच्याची काढते.

तुमचे फोन येताहेत आणि मी उचलत नाही, याचा राग आला असेल. येऊ द्या. फोनवर तुमचा आवाज ऐकला की मी ‘सगळं ठीक आहे ताई’ म्हणून मोकळी होईन. म्हणून कागद घेतला. उद्या सकाळी कुरियरला देते, शनिवारी तुमच्या हातात पडेल.

आधी ऑफिसची बातमी. दिवाळीपासून जी कुजबुज चालली होती ती खरी निघाली. तुम्ही रजा टाकून गेलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी परिपत्रक आलं. नगररचना विभागातल्या अर्धवेळ जागा बंद. आपल्या दोघींत मिळून जी एक पोस्ट होती, ती आता पूर्णवेळ, पूर्ण पगाराची आणि कायम. माणूस मात्र एकच.

निवड सेवेच्या वर्षांवर. आणि अर्धवेळ केलेलं वर्ष अर्धंच धरायचं! सहा वर्षं मी त्या टेबलावर घासली, कागदावर त्यांची तीन झाली. पगार अर्धा, वाढही उशिरा, हे ठाऊक होतं. वर्षंसुद्धा अर्धी होतात हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. तुमची आधीची पूर्णवेळची वर्षं आहेत, म्हणून यादीत तुम्ही वर आणि मी खाली. ते बरोबरच आहे. माझी काही तक्रार नाही.

खोटं कशाला बोलू, आहे तक्रार. कसला अर्धा दिवस हो? सकाळ तुमची, दुपार माझी, हे फक्त ऑर्डरमध्ये. जमीनमालकाची सुनावणी घड्याळ बघून तोडता येते का? त्याच्या शेतातून रस्ता जाणार, कापून उरलेला प्लॉट त्याला नकाशावर दाखवायचा. तो भांडतो, रडतो, बाहेर जातो, चहा पिऊन पुन्हा येऊन बसतो. त्यात तुम्ही चार-चार वाजेपर्यंत थांबायचात, आणि मी बारालाच येऊन बसायची. मधे आपला डबा, आणि डबा खाता खाता फायलींची देवाणघेवाण. चहा आणणाऱ्या सरस्वतीबेन तर आपल्याला ‘सवारवाळां बेन’ आणि ‘बपोरवाळां बेन’, सकाळवाल्या नि दुपारवाल्या, म्हणतात आणि दोघींनाही एकदमच समोर बघतात.

पण रजिस्टरमध्ये? तुम्ही दीडला जाण्याची सही करून परत खुर्चीत, आणि मी दोन वाजेपर्यंत येण्याची सहीच करायची नाही. का, तर एकीने जादा वेळ लिहिला की दुसरीला तिचा अर्धा दिवस झेपत नाही असं वर दिसेल. हे आपण कधी बोलून ठरवलंसुद्धा नव्हतं. एकमेकींची लाज राखत फुकट राबलो. आई रोज म्हणायची, “आर्धा पगार लेस नि आख्खा दिन राबस, येडी शे का तू?” मी हसायची. आता हिशेबाचा माणूस रजिस्टर उघडतो आणि म्हणतो, बाई, तुमचं काम अर्धंच आहे. काय सांगणार त्याला? सह्या आपल्याच आहेत.

हे सगळं मी लांबवते आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल. मला ओळखता तुम्ही.

गेल्या शुक्रवारी गजेंद्रभाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं. एकटीला. चहा मागवला. साहेब वाईट नाहीत, त्यांना फक्त फाइल लवकर संपवायची होती. यादी समोर होती. म्हणाले, “हर्षदाबेन, साचुं कहो, अमृताबेन आखो दिवस आवी शकशे?” खरं सांगा, त्यांना पूर्ण दिवस येता येईल का?

मी म्हटलं, “एमना घरे बा छे ने, साहेब.”

मी एवढंच बोलले. घरी आई आहेत ना, साहेब. त्यांनी मान हलवली आणि तुमच्या नावापुढे लिहिलं, पूर्णवेळ उपलब्ध नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “तो पछी तमे ज.” म्हणजे मग तुम्हीच. मी थँक्यू म्हटलं. चहा संपवला. बशीतलं बिस्किटसुद्धा खाल्लं, ताई.

तुम्ही म्हणाल, तिला काय माहीत, ती बिचारी जुन्या समजुतीने बोलली असेल. तुम्ही असंच म्हणाल, आणि त्याचीच मला भीती वाटते. मला माहीत होतं. तुमचे भाऊ हर्षलदादा भाऊबीजेला आले, आईंना कायमचं नाशिकला न्यायचं ठरलं, आता मला पूर्ण दिवस येता येईल, हे तुम्ही सगळ्यांत आधी मला सांगितलं होतं. डबा उघडा पडला होता आणि तुम्ही रडत होतात. आई स्वतःच म्हणाल्या होत्या, तुझी नोकरी जायला नको, मी जाते. आपलं अंथरूण, देव, शेजारणी सोडून त्या गेल्या त्या याच पोस्टसाठी. आणि मी साहेबांना सांगितलं, त्या घरी आहेत.

रोज ठरवते, आज आत जाऊन खरं सांगायचं. केबिनच्या दारापर्यंत जाते, आणि साहेब मान वर करून “हा, बोलो” म्हणाले की कसली तरी फाइल विचारून परत येते. घरी त्याच दिवशी सांगून बसले होते ना मी. बाबा गुडघे विसरून उठले, “मनी पोर कायम व्हयनी” म्हणत गल्लीभर फिरून आले. लूमवरच्या त्यांच्या जुन्या सोबत्यांना फोन झाले. आईने पेढे वाटले. मी एक पेढा तोंडात धरून उभी होते.

आता कामाचं लिहिते. फाइल सोमवारी दुपारी वर जाणार आहे. त्याआधी, सकाळी साडेदहाला, तुम्ही स्वतः साहेबांपुढे उभ्या राहा. आई नाशिकला आहेत हे सांगा, आणि मला आत बोलवायला लावा. साहेबांनी विचारलं तर मी हो म्हणेन, हे ठाऊक असूनही खोटं बोलले असं तुमच्यासमोर सांगेन. ते काय करतील ते करोत. पण मी आपणहून आत जाईन असं समजून तिकडे थांबू नका. आठवडाभर मला ते जमलेलं नाही, सोमवारी जमेल असं वाटत नाही. तुम्ही आला नाहीत तर मी ती पोस्ट घेईन. सही करेन, पहिला पूर्ण पगार बाबांच्या हातात ठेवेन, आणि तुम्हाला पुन्हा तोंड दाखवणार नाही.

तुम्ही आलात तर मला आनंद होईल, असंही लिहिणार नाही. मला ती पोस्ट हवी आहे. तरी या. रविवारी रात्रीची गाडी पकडा, पण या.

पत्राच्या शेवटी आईंना नमस्कार लिहायची रीत आहे. आज लिहीत नाही. साहेबांपुढे त्यांचं नाव घेतलं, तेवढं पुरे झालं.

हर्षदा