अंगठ्याखालची नाडी

नर्सिंग होस्टेल, नेपियर टाउन, जबलपूर
२२ सप्टेंबर २०२५

ती. वसुधाआत्यास प्रणोतीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून पत्र. आत्या, माझं हृदय बिघडलंय. वर्गात जो रोग शिकवतात तो मला होतोच, असं तू म्हणशील. मागच्या महिन्यात टीबी होता, त्याआधी कावीळ. हसू नकोस, या वेळी खरंच छाती धडधडते. चहा सोडला, समोसे सोडले, रोज ओमती नाल्यापर्यंत पायी जाते. तरी नाडी पळतेच.

नाडी बघायच्या सरावाला जोड्या पाडल्या, त्यात मी एकटी उरले. मॅडमनी सांगितलं, तू आपलीच बघ. तेव्हापासून दिवसभर आपलीच बघते. वॉर्डात एका आजींची अंगठ्याने बघितली, तर मॅडम रागावल्या. अंगठ्यालाही ठोका असतो म्हणे. समोरच्याची समजून माणूस स्वतःचीच नाडी मोजतो. बोटांनीच बघायची.

रविवारी सगळ्या मुली घरी जातात. तुझ्याकडे यावंसं वाटतं, पण बसमध्ये काही झालं तर? दिवाळीला घरी इटारसीला जाईन ती परत येणार नाही. कोर्स सोडते. आईबाबांना इतक्यात सांगू नकोस.

तुझा लोभ आहे, म्हणूनच एवढं लिहिलं.

तुझी
प्रणोती

पाटन
२९ सप्टेंबर २०२५

चि. प्रणोतीस आत्याचे अनेक आशीर्वाद.

टीबी इतक्या लवकर बरा झाला हे वाचून आनंद झाला. चहा सोडणारी तर तू आपल्या घराण्यात पहिलीच.

थट्टा पुरे. अंगठ्याचं वाचलं आणि पत्र खाली ठेवलं. तुझे आतोबा गेले त्या दुपारी मी त्यांचं मनगट धरून बसले होते. डॉक्टर म्हणाले, संपलं. मी भांडत राहिले, की नाडी चालून राहिली, माझ्या हाताला लागून राहिली. अंगठाच होता गं माझा. डॉक्टरांनी घाई केली, हे इतकी वर्षं मनात सलत होतं. ती माझीच नाडी होती. खूप रडले, पण बरं वाटलं.

कोर्सचं तू ठरव. तेव्हा खोलीत शिकलेलं कुणी असतं, तर हात धरून मला सांगितलं असतं, एवढंच म्हणते.

त्यानंतर माझं मनगट कुणी धरलेलं नाही. तुला जोडी नाही, मलाही नाही. दसरा झाला की रविवारी ये. कंडक्टर ओळखीचा आहे, काही झालंच तर माझ्या दारात आणून सोडेल.

वाट बघते. आशीर्वाद आहेतच.

वसुधाआत्या

जबलपूर
६ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. तुझ्याकडे येताना बसमध्ये स्वतःची नाडी धरूनच बसले होते. परतताना दोन्ही हात तुझ्या डब्यांत अडकलेले, त्यामुळे बघायची राहिली. होस्टेलवर आल्यावर ते लक्षात आलं. धडधड अजून आहे. उद्या मॅडमना सांगून एकदा तपासून घेते. पण दिवाळीनंतर परत येणार. दर रविवारी तुझी नाडी बघायला येईन, आणि हो, चहा घेईन.

एक सांगायचं राहिलं. बस येईपर्यंत तू माझं मनगट धरून उभी होतीस. म्हणालीस, चांगली चालून राहिली पोरी, काहून घाबरतेस. अंगठ्यानेच धरलं होतंस. मी हात तसाच राहू दिला.

लोभ असाच धरून ठेव.

तुझी
प्रणोती