अर्धी बारी

३ नोव्हें., सोम.
खडखडाटचा अल्बम आला. नवा कसला, पहिल्यापासूनची सगळी गाणी गाठोड्यात बांधून परत लोकांच्या डोक्यावर. नाव 'आजवरचा खडखडाट'. आमच्या पोराची, निलेशची, गाण्याची टोळी ही. म्हणजे होती. आता हा अंधेरीला एसीत बसून लोकांची पार्सलं कुठे अडकली ते बघतो. घरात एक शब्द बोलला नाही. वरच्या मजल्यावरची पिंकी नाचत सांगत आली. "काकू, निलेशदादाचा अल्बम! सगळे ऐकतायत!" म्हटलं, ऐकू दे, मला भाकऱ्या टाकायच्यात. आठ डबे जायचेत.

४ नोव्हें., मंगळ
दुपारी पिंकीला बसवली. लोकांनी खाली काय काय लिहिलंय ते वाच म्हटलं. फोनवरची बारीक अक्षरं बघून माझं डोकं दुखतं, आणि ही लोकं अर्धं इंग्रजीत लिहितात.
एक म्हणतो, पहिली तीन वर्षं ऐका, पुढचा कचरा. दुसरा म्हणतो, पहिली तीन वर्षं कचरा, पुढचं ऐका. एकाला भजन घातलेलं खपत नाही, एकाला गिटार खपत नाही. "रॅप करा नाहीतर कव्वाली करा, एक काय ते धरा." तुझ्या ताटात वरण, भात, लोणचं सगळं चालतं ना रे मेल्या? एकाला जिममध्ये रडू आलं म्हणे. रड. एकाने दहापैकी सहा मार्क दिलेत. हा कोण मास्तर? फोटोत स्वतःचं तोंड नाही, गाडीचं चाक.
पिंकी म्हणते, काकू हे लिसनर्स आहेत, त्यांचं मत असतं.
मत. आमच्या कणकवलीकडे भजनाच्या डबलबारीला लोक पहाटेपर्यंत गोणपाटावर बसायचे. आवडलं नाही तर तोंडावर बोलायचे, "बुवा, घसो बसलो तुमचो, चाय घ्या." तोंडावर! ते मत.

६ नोव्हें., गुरु
आज गाणी स्वतः लावली. ह्यांचाच फोन वापरते मी, हे गेल्यापासून. आवाज बरा आहे त्याचा.
'बारी' लावलं. पोरांचं सगळ्यात गाजलेलं. ते तर आमच्याच घरात बसवलेलं, ह्यांनी पोरांना शिकवून. डबलबारीत जसे दोन बुवा समोरासमोर, पहिल्याने डिवचायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं, तसं. पहिली बारी निलेशच्या जोडीदाराची, संदीपची, दुसरी निलेशची. दुसऱ्या बारीला पखवाज ह्यांचा, आणि शेवटचा गजरही ह्यांनीच म्हटलेला.
संदीपचं झालं:
"तुझ्या आवाजाक गंज, तुझ्या शब्दांक वाळवी,
बापूस वाजवता पखवाज, पोर नुसतो टाळ हलवी."
आणि बंद. पुढचं गाणं सुरू. वाटलं फोन बिघडला. परत लावलं. परत तेच. पिंकीच्या फोनवर तेच.
अर्धी बारी! माझ्या पोराला शिवी देऊन ठेवली आणि उत्तर कापलं. आणि ह्यांचा हात त्याच्याबरोबर गेला.
भाकरी जळली.

७ नोव्हें., शुक्र
पिंकी बिचारी विचारते, अर्धं असलं तर काय झालं, काकू, लोकांना आवडतंय. हिला काय कळणार. उत्तर न देता राहिलेली बारी म्हणजे बुवा पळाला. गावभर तेच बोलतात, पुढच्या गणपतीपर्यंत. हे नेहमी म्हणायचे, "बारी हरलस तरी चलात, पण उठान जाव नको."
लोक बघा काय लिहितात. "छोटी केली ते बरं झालं." "संदीप एकटाच भारी." एकाने लिहिलंय, दुसरी बारी होती का? होती रे शहाण्या. तू अंगठा चोखत होतास तेव्हा.

८ नोव्हें., शनि
संदीपला फोन. आता मुलुंडला टॉवरात राहतो. माझ्या हातचे घावणे खाऊन वाढलेला.
"संद्या, लाज आहे का?"
"काकी, ऐका तरी."
"अर्धी बारी लावतोस? ज्याने शिकवलं त्याचा हात कापतोस?"
"काकी, निल्याने नाही म्हटलं. तीन वेळा विचारलं. त्याचा आवाज त्याला विचारल्याशिवाय कसा लावू? तो बोलला, माझी बारी काढ, तुझी ठेव."
"आणि पखवाज?"
"तो त्याच्याच भागावर आहे, काकी. मी काय करू? मलाही आवडलं नाही."
"मग गाणंच काढायचं होतंस."
म्हणाला, "वाटलं, डिवचल्यावर तरी उत्तर देईल."
फोन ठेवला मी. शिव्या तयार होत्या, त्या कुठे घालायच्या कळेना.

९ नोव्हें., रवि
निलेशला जेवताना धरला. बांगड्याचं तिखलं केलं होतं मुद्दाम, उठून जाऊ नये म्हणून.
"बारी का काढायला सांगितलीस?"
"फुसकी आहे ती, आई."
"कोण म्हणतं?"
"लोक."
"लोक म्हणजे कोण?"
फोन काढून दाखवला. कधीचा जुना फोटो काढून ठेवलाय लिहिलेल्याचा. 'दुसरी बारी म्हणजे बापाच्या जिवावर उडी. पखवाज काढा, पोरगा शून्य.' लिहिणाऱ्याच्या नावापुढे कुत्र्याचं चित्र. कुत्र्याचं! एवढी वर्षं माझा पोरगा एका कुत्र्याचं ऐकून बसलाय.
"आणि वांद्र्याला काय झालं माहितीय ना," म्हणाला.
माहितीय. हे गेल्यावर पहिला कार्यक्रम. पखवाज मशीनमधून वाजवला. लोक ओरडले, पहिलीच बारी परत घ्या. हा माइक ठेवून खाली उतरला, तो उतरलाच.
म्हटलं, "बाबांनी काय शिकवलं होतं?"
म्हणाला, "बाबा नाहीत ना आता."
ताट अर्धं टाकून गेला. मासा मांजरीने खाल्ला. मांजरीचंही मत असेल, सहा मार्क.

१२ नोव्हें., बुध
तीन दिवस घरात 'हो', 'नको', 'ठेव'. मेट्रोने जातो, मेट्रोने येतो. कानात वायर. काय ऐकतो विचारलं तर "काही नाही".
पिंकीला म्हटलं, मला लिहायचंय तिथे. ती हसली. काकू, तुम्ही? हो, मी. गाडीच्या चाकाला मत, कुत्र्याला मत, मी काय मेलेय? तिने दाखवलं, इथे दाबून बोला, ते आपोआप लिहितं.
बोलले: "दुसरी बारी कुठे आहे? अर्धी बारी ठेवून कोण उठलं? मी गजराची वाट बघत बसलोय."
बसलेय म्हटलं होतं. मेल्याने बसलोय लिहिलं. पाठवून दिलं तसंच.

१३ नोव्हें., गुरु
पिंकी जिना चढून आली ती पांढरीफटक. "काकू, ते काकांच्या नावाने गेलंय."
बघितलं. खरंच. ह्यांचं नाव, आणि गणपतीतला फोटो, मांडीवर पखवाज, शाईचा डाग पडलेला सदरा. फोनच ह्यांचा, मी काय नाव बदललंय? मला बदलता येत नाही.
खाली लोकांची रांग. "बुवा??" "काका गेले ना?" "अंगावर काटा." एका शहाण्याने लिहिलंय, हा पब्लिसिटी स्टंट. आणि बाकी सगळे एकच, दुसरी बारी द्या, दुसरी बारी द्या. परवापर्यंत छोटी केली ते बरं झालं म्हणत होते हेच. थुंकायला जागा पुरत नाही यांच्यावर.
पिंकी म्हणाली, "पुसू का? दादा बघेल."
ह्यांचा फोटो बघितला. म्हटलं, राहू दे.

१६ नोव्हें., रवि
अकराला निलेश स्वयंपाकघराच्या दारात आला, फोन माझ्यासमोर धरला. फोन धरलेला हात ह्यांच्यासारखाच, आज दिसलं.
"आई, हे तू केलंस?"
"फोन बाबांचा आहे. नाव बाबांचं आलं. मला काय कळतं."
"किती घाबरलो माहितीय? ऑफिसात खाली बसलो मी."
"मग उत्तर दे त्यांना."
"कुणाला?"
"जो विचारतोय त्याला."
ओट्याला टेकून उभा राहिला. मी नारळ खवत होते. मग म्हणाला, "माझी बारी खरंच फुसकी होती का गं?"
म्हटलं, "पहिल्या चार ओळी फुसक्या. शेवटच्या दोन बऱ्या." खोटं कशाला बोलू.
हसला. केवढ्या दिवसांनी. मग हळूच, तोंडातल्या तोंडात:
"हातात टाळ आसा म्हणान तुझी गाडी चलली,
टाळवालो उठलो बुवा, तर बारी तुझी बुडली."
बोटं ओट्यावर वाजत होती. गजराला येऊन थांबली. पुढचं ह्यांचं होतं.
तेवढ्यात त्याचा फोन वाजला. संदीपचं नाव. वाजू दिला, बंद पडला. परत वाजला. या वेळी घेऊन गॅलरीत गेला, दार ओढून घेतलं.
अर्धा तास होत आला. मधे एकदा ओरडल्यासारखा आवाज आला, भांडतायत की गातायत समजलं नाही. भात गार होतोय. मी हाक मारलेली नाही.