पायांना ऊब

१४ सप्टेंबर
आलो एकदाचा! दारू सोडवायचं हे घर पुएब्ला शहराच्या अगदी टोकाला आहे, कोंबड्या-शेळ्यांसकट. आम्ही एकोणीस बेवडे. घर चालवणारा एवारिस्तोही जुना बेवडाच, त्याला सगळे धर्मबाप म्हणतात. मी पाववाला आहे कळताच त्याने अंगणातली विटांची भट्टी माझ्या हवाली केली. स्वारी खूश! ग्वादालूपच्या मेरीमाउलीपुढे शपथ घेतली: बारा डिसेंबरच्या तिच्या सणापर्यंत थेंब घ्यायचा नाही, उंबरठा ओलांडायचा नाही. रोज सकाळी धर्मबापासमोर एक पांढरी गोळी गिळायची; ती पोटात असताना दारू घेतली की उलट्या होतात. सणाच्या दुसऱ्याच दिवशी, तेरा डिसेंबरला, माझ्या यारेलीचा पंधरावा वाढदिवस. बापाने भर मांडवात लेकीबरोबर नाचायचं असतं. नाचणार म्हणजे नाचणार.

२९ सप्टेंबर
रविवार. दोमितिला दर रविवारी थर्मासभर गरम चंपुर्रादो आणते. मक्याचं पीठ, चॉकलेट आणि बायकोची माया. आज यारेलीही आली. अंगणात नाचाचा सराव केला, तीनदा तिचा पाय तुडवला. पप्पा, हे पाय आहेत की ओंडके, म्हणाली. खूप हसलो. बोटांना मुंग्या येतात हे तिला सांगितलं नाही.

१२ ऑक्टोबर
तळवे बधिर. चप्पल कधी निसटली तेही कळलं नाही. धर्मबाप म्हणाला, दारू अंगातून निघतेय लेका, मुंग्या येणारच. आणि गोळी चुकवायची ही नाटकं आम्हीही करून बसलोय. उद्यापासून दोन गोळ्या. पाय सतत गार पडतात. भट्टीच्या तोंडाशी पाय ठेवून बसतो, लिहितोही तिथेच.

२० ऑक्टोबर
बधिरपणा गुडघ्यापर्यंत चढलाय. शर्टाचं बटण लागत नाही. दोमितिलाला सगळं सांगितलं, गोळ्यांनीच होतंय म्हणालो, तशी ती रडायला लागली. पहिल्या रविवारपासून ती चंपुर्रादोत तीच गोळी वाटून घालतेय! तिथे सगळे गोळ्या थुंकतात, असं शेजारीण म्हणाली होती. तिने थर्मास अंगणात ओतला. मला घरी ने म्हणालो. पण धर्मबाप मध्ये पडला: बाई, हा तुला गुंडाळतोय, शब्द माउलीला दिलाय, मला नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी खोटं बोलायचो तेव्हा पाहायची, तसंच. एकटीच गेली.

२६ ऑक्टोबर
भिंत धरून चालतो. फरशीवर रक्ताचा माग दिसला, मागोमाग गेलो, तर तो माझाच. तळव्यात खिळा. दुखलं नाही. मला भीती वाटते. दारू नकोय मला, पाय हवेत — कुणाला खरं वाटत नाही.

१ नोव्हेंबर
तीन गोळ्या. तोंड उघडून दाखवावं लागतं.

३ नोव्हेंबर
पेन बोटांना बांधलंय. दोमितिला आली नाही. यारेली — चाळीस दिवस —
आज पीठ नाही, पाव नाहीत. भट्टीत नुसते निखारे. पाय टेकवून बसलोय, ऊब लागतच नाही. अजून थोडे आत —
काहीतरी करपतंय.
पाव तर नाहीत. मग हा वास —
धूर माझ्या