बुटांना लावलेली चेन

सीपरी बाजार, झाशी
शनिवार

ति. अनुसूयाताईस,

धाकट्या तानाजीचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला गेला असेल असे धरून चालतो (नसेल तर काढा सोडू देऊ नकोस). इकडे देवाच्या कृपेने आम्ही सुखरूप आहोत, माझे घोटे सोडून.

घोट्यांची हकीकत अशी. आमच्या इराने पहिल्या पगारातून मला बूट पाठवले. निळ्या जाड कापडाचे, पुढे रबरी टोपी, घोट्याच्या वरपर्यंत उंच, घोट्यापाशी आतल्या अंगाला गोल शिक्का. पूर्वी बास्केटबॉल खेळणारे असलेच घालायचे म्हणे. (मी आयुष्यात खो-खो खेळलो, तोही अनवाणी, हे तू पाहिले आहेस.) दिसायला देखणे, खोटे कशाला बोलू? ऑफिसात लोक "क्या बात है, तानाजी भैया!" म्हणत जागेवरून उठून आले. पण चालू लागले की तळ तव्यासारखा सपाट, आणि घोटा असा आवळून धरतात की जणू मी पळूनच जाणार आहे. तुझी भावजय मृदुला म्हणाली, "बूट पंचविशीतले, चाल पंच्याहत्तरीची." तरी इरा दर रविवारी फोनवर विचारते, "बाबा, वो जूते पहने?" (मराठी तिला सगळी समजते, तोंडात मात्र हिंदीच येते.) मग नाही कसे म्हणायचे? रोज घालतो.

अडचण झाली ती संकष्टीला. गावच्या शाळेत आपण वर्गाबाहेरसुद्धा वहाणा काढायचो. चटकन काढता येईल तेच पायांत घालायची सवय. आणि इथे बत्तीस भोकांतून नाड्या! गणपतीच्या दाराशी बसलो. आरतीत एक बूट निघाला, मंत्रपुष्पांजलीला दुसरा. आत पोचलो तेव्हा जनार्दन गुरुजी समई सारखी करत होते. प्रसाद हातावर ठेवून म्हणाले, "बाप्पा थांबले होते हो, पण पुढच्या वेळी दुपारीच बसा काढायला." देवापुढे माणसाने मोकळे होऊन जावे, आणि मी नाड्यांत अडकलेला. फार लागले मनाला.

दुसऱ्या दिवशी बडा बाजारातल्या मोच्याकडे गेलो. तो म्हणाला, "बाबूजी, बगल में चेन डाल दें, सर्र से खुलेगा." मी मान हलवली. त्याने आत स्पंजही घातला. चेन नेमकी गोल शिक्क्यातून गेली. ग्रहण लागल्यासारखा दिसतो. घरी येऊन पाहिले तेव्हा भान आले. पोरीने सात दुकाने फिरून निवडलेली वस्तू मी कापून आणली होती. दसऱ्याला ती येणार आहे.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझा,
तानाजी

ता. क. – खरे काम राहिलेच. तुझ्या परागला सांगून अगदी असेच निळे बूट, नऊ नंबर, दसऱ्याच्या आत पाठव (इथे मिळत नाहीत). फोनवर मुद्दामच लिहिले नाही. माझा निरोप चुकून घरच्या ग्रुपवर जातो, आणि इरा तिथे आहे.

ता. क. दुसरे – पाकीट चिकटवायच्या आतच इरा दारात उभी! रजा आधी मिळाली. पायांत तसेच बूट, पिवळे. माझे बूट हातात घेऊन चेनवरून बोट फिरवू लागली. मी सगळे सांगून टाकले. तेव्हा तिने मोजा काढून टाच दाखवली. टाचेवर बूट चावलेल्या जागी दोन पट्ट्या! आणि चक्क मराठीत म्हणाली, "बाबा, तो मोची कुठे बसतो?"

तेव्हा बूट नकोत. पिवळ्या रंगाच्या दोन मजबूत चेन मात्र पाठव. इथे फक्त काळ्या मिळतात, आणि पोरगी रंगाच्या बाबतीत कुणाचे ऐकत नाही.