समुद्राला दिलेला नारळ

४ डिसेंबर, गुहागर
आलो बाई एकदाचे! कराडहून कुंभार्ली घाट उतरलो आणि खारं वारं नाकात शिरलं. लग्न होऊन जेमतेम दीड महिना, नवरा शिवतेज फौजेतून सुट्टीवर, म्हणून समुद्राकाठच्या रस्त्यानं थेट वेंगुर्ल्यापर्यंत फोटो काढत जायचं ठरवलंय. सासूबाई रंगूबाई, बोलायला फटकळ. म्हणाल्या, पान्याचं फोटू कशापायी गं, आपली वारणा हाय की! पण डब्यात धपाटी त्यांनीच भरली. सुरूची बनं, वाळत घातलेले बोंबील, रस्त्याला खेटून पळणारा समुद्र, सगळं टिपलं. लय भारी दिवस.

५ डिसेंबर
दुपारी एका गावाच्या किनाऱ्यावर कुंकू लावलेला नारळ तरंगताना दिसला. आमच्याकडे नदीत सोडलेला नारळ पोरं बुडी मारून काढतात आणि तिथंच फोडून खातात. शिवतेजनं तेच केलं. मला खोकला, म्हणून मी खोबरं खाल्लं नाही. तो कोरड्या खडकावर चढून ऐटीत उभा राहिला, मी फोटो काढला.

जाळं विणणारी एक म्हातारी धावत आली, कपाळावर हात मारून घेतला. म्हणे, हा नारळ तिनं आपल्या मुलाच्या बदली समुद्राला दिला होता, समुद्रावर गेलेला मुलगा घरी परत यावा म्हणून. आता नारळ ज्यानं खाल्ला त्यालाच समुद्र मागणार. शिवतेज हसून म्हणाला, मावशे, आमी फौजी, यम आला तर त्याच्याकडनं बी अर्ज घेतो. मीही हसले.

६ डिसेंबर, रत्नागिरी
फोटो बघितले. खडकावरच्या फोटोत शिवतेज घोटाभर पाण्यात आहे. खडक कोरडा होता, मी शपथेवर सांगते.

आज हॉटेलच्या गच्चीवर त्याचा फोटो काढला. फोटोत गुडघाभर पाणी. मोबाइलनं काढला. कंबरभर.

७ डिसेंबर
म्हातारीकडे परत गेलो. तिनं सांगितलं तसा नवा नारळ सोडला. लाटेनं तो शिवतेजच्या पायाशी आणून टाकला. म्हातारीनं तो बघितला. उठून घरात गेली.

शिवतेज आता हसत नाही. म्हणाला, चल गं घरला. कॅमेरा डिकीत टाकला. मफलरनं तोंड झाकून गाडी चालवतोय. रस्त्यावर कॅमेरा दिसला की मी त्याचा मफलर आणखी वर ओढते. मला हा माणूस हवाय. बाकी काही नको.

८ डिसेंबर, शिराळा
घाट चढलो. समुद्र मागं राहिला. सासूबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी फोनवरच बजावलं होतं, फोटो नको —

नणंद पूजा माडीवर होती. लाडानं काढला. घरच्या ग्रुपवर टाकलासुद्धा — दादा वहिनी आले —

अंगण, तुळस, सासूबाई, मी. सगळं कोरडं. शिवतेज पाण्याखाली. केस वर तरंगतायत. डोळे उघडे.

तो बाहेरच्या सोप्यात बसलाय. खोकतोय. सासूबाई पाठ थोपटतायत, आरं ठसका लागला का म्हणतायत — तोंडातून पाणी, वाळू — थांबत नाही —

पूजा डॉक्टरांना आणायला पळाली. मी लिहितेय, नाहीतर वेडी होईन —

आता खोकत नाहीये. डोळे फोटोतल्यासारखे उघडे. सासूबाई हाका मारतायत — शिवा, आरं शिवा — तो माझ्याकडे बघ