जावयाची प्लास्टिकची गांडुळं

अहो,

गुडघा कसा आहे? इथे पोरगी खाऊनपिऊन सुखी आहे, काळजी नको.

फक्त जावईबापूंचं मला काही खरं वाटत नव्हतं. जेवणं झाली की तळ्यावर बास नावाचे मासे धरायला जातात आणि मध्यरात्री हात हलवत परत येतात. गळाला लावायची त्यांची मऊ प्लास्टिकची गांडुळं मी गुपचूप पाहिली, तर एकाचंही शेपूट तुटलेलं नाही! मासा चावला असता तर तुटलं नसतं का? पोरगी म्हणते, "आई, उगाच संशय घेऊ नकोस." पण तिचेही डोळे दाराकडेच लागलेले असतात.

शेवटी काल मीच हट्टाने बरोबर गेले. अंधारात माझ्या हातातल्या गळाची दोरी बोटाला टकटक करू लागली. "आई, ओढा आता!" बापू म्हणाले. चांगला हातभर मासा निघाला! बापूंनी हात ओले करून त्याला अलगद पाण्यात सोडलं आणि फाटलेलं गांडूळ लायटरवर धरून सांधलं.

"अहो जावईबापू, मग मासा घरी का आणत नाही?"

"आणला तर ती म्हणेल, मिळाला ना मासा, आता बसा घरी."

आज पोरीलाच बरोबर धाडलंय.

आणि तुम्ही रोज भाजीला जाऊन रिकामी पिशवी आणता, असं शेजारीण फोनवर सांगत होती. ते काय प्रकरण आहे?

लांबूनही लक्ष ठेवून असलेली,
तुमचीच